छोट्या संघाच्या ग्रां प्री मोटारीचा अभ्यास कसा करावा : जॉर्डन १९१ च्या निमित्ताने

फॉर्म्युला वन शर्यतींत धावणाऱ्या, इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथील एकाच संघाने १९९१ मध्ये ‘जॉर्डन’ या नावाने १३ गुण मिळवले आणि २००९ मध्ये, मालक व नाव बदलल्यावर, ‘फोर्स इंडिया’ म्हणून पुन्हा १३ गुणच मिळवले. पहिल्या वेळी संघ पाचवा आला, दुसऱ्या वेळी नववा. नुसता गुणतक्ता पाहणाऱ्याला या दोन मोटारी सारख्या वाटतील, पण प्रत्यक्षात त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. मोठ्या संघांच्या विजयांची नोंद सगळेच ठेवतात. छोट्या संघाची मोटार मात्र आपण स्वतः उलगडून पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि ती उलगडण्याची रीत अवघड नाही. त्यासाठी १९९१ ची जॉर्डन १९१ ही मोटार मी मुख्य उदाहरण म्हणून घेतो, कारण मर्यादित साधनांतून इतकी नेटकी मोटार क्वचितच घडली असेल, असे माझे मत आहे.

प्रथम त्या हंगामाचे नियम एका कागदावर लिहून घ्यावेत. १९९१ साली इंजिन साडेतीन लिटरचे आणि टर्बोविरहित असावे लागे, मोटारीचा तळ चाकांच्या दरम्यान सपाट ठेवावा लागे, शर्यतीत मध्येच इंधन भरण्यास बंदी होती, आणि गुण फक्त पहिल्या सहा जणांना १०, ६, ४, ३, २, १ असे मिळत. याखेरीज एक नियम छोट्या संघांच्या गळ्याशी येई, तो म्हणजे पूर्वपात्रता फेरी. नव्या आणि मागे पडलेल्या संघांना सहसा शुक्रवारी सकाळी एक तास मिळे. त्यातील पहिल्या चार मोटारीच मुख्य पात्रता फेरीत जात, बाकीच्यांचा शनिवार-रविवार तिथेच संपे. हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, फिनिक्सला, जॉर्डनच्या अँड्रिया डी चेझारिसला हा अडथळा ओलांडता आला नाही. त्यानंतर मात्र संघाच्या दोन्ही मोटारी तो सातत्याने ओलांडत राहिल्या आणि मध्यंतरानंतर, जर्मनीपासून, या फेरीतून त्यांची सुटका झाली. म्हणून अशा संघाची नोंद वाचताना शर्यतीच्या निकालाआधी शुक्रवार सकाळचा निकाल पाहावा.

नियमांनंतर इंजिनाकडे वळावे. छोटा संघ इंजिन बनवत नाही, ते विकत घेतो, आणि बहुतेक वेळा मोटारीचा आराखडा त्या इंजिनाभोवतीच बांधला जातो. जॉर्डनने फोर्ड कॉसवर्थचे एचबी हे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन घेतले. त्या वर्षी मॅक्लारेनकडे होंडाचे आणि फेरारीकडे स्वतःचे व्ही-१२ इंजिन होते, तर विल्यम्सकडे रेनॉचे व्ही-१०. निव्वळ ताकदीत व्ही-८ मागे पडे, परंतु ते आखूड आणि हलके असे व इंधनही कमी पिई. इंधन भरण्यास बंदी असताना या शेवटच्या गुणाला मोठे महत्त्व येते. सुरुवातीलाच कमी इंधन घेऊन निघता येते, टाकी लहान ठेवता येते आणि मोटारीचा मागचा भाग निमुळता करता येतो. आराखडा पाहताना नेहमी हाच प्रश्न विचारावा, की इंजिनाने दिलेली सवलत रचनाकाराने कोठे वापरली.

ही सवलत वापरणारे तिघेच होते : गॅरी अँडरसन आणि त्याचे दोन तरुण सहकारी, अँड्र्यू ग्रीन व मार्क स्मिथ. मोटारीचे छायाचित्र समोरून घेतलेले निवडावे. नाक किंचित वर उचललेले दिसते आणि पुढच्या पंखाच्या दोन्ही बाजू नाकापासून बाहेर जाताना खाली झुकतात. नाकाखालून हवा तळाकडे मोकळेपणाने जावी हा त्यामागचा हेतू. वर्षभरापूर्वी टायरेल संघाच्या ०१९ या मोटारीने उंच नाकाची दिशा दाखवली होती. अँडरसनने ती अधिक संयमाने स्वीकारली. नंतर बाजूने पाहावे. इंजिनावरचे आवरण मागे उतरत जाते आणि कोठेही अनावश्यक उंचवटा आढळत नाही. या मोटारीला सौंदर्याची दाद आजही मिळते. त्यात सेव्हन-अपच्या हिरव्या रंगाचा वाटा आहेच, तरी रंग मनातल्या मनात पुसून आकार पाहावा, म्हणजे मूळ रेषा किती स्वच्छ आहेत ते कळते. नावाची हकीकत थोडक्यात अशी : मोटारीचे नाव आधी ९११ ठरले होते, पोर्शेने हरकत घेतली आणि ते १९१ झाले.

आता शर्यतींची नोंद. येथे सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक शर्यतीसाठी एक ओळ आखावी आणि तीत पात्रता फेरीतील स्थान, शर्यतीतील स्थान, बाद झाल्यास कारण आणि पुढे असलेल्यांचे काय झाले, एवढे लिहावे. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि तोच सर्वांत बोलका असतो. कॅनडाची ओळ घ्या. डी चेझारिस चौथा, बर्ट्रांड गाशो पाचवा, म्हणजे एका दिवसात पाच गुण. चौथा रकाना भरला की दिसते, की आयर्टन सेना, बर्गर, प्रोस्ट आणि अलेसी हे मोठ्या संघांचे चौघेही चालक बाद झाले होते, आणि आघाडीवरचा मॅन्सेल शेवटच्या फेरीत थांबल्यामुळे सहावा धरला गेला होता. याने जॉर्डनचे यश खोटे ठरत नाही. मोठ्यांच्या मोटारी मोडत असताना या नवख्या संघाच्या दोन्ही मोटारी धावत राहिल्या, हे त्यातून सिद्ध होते. टिकाऊपणाचे श्रेय तेवढे द्यावे, वेगाचे नव्हे.

वेगाचे श्रेय शोधायचे तर बेल्जियमची ओळ वाचावी, जिथे एकही गुण नाही. गाशोला लंडनमधील एका टॅक्सीचालकाशी झालेल्या भांडणात अश्रुधुराचा फवारा मारल्याबद्दल तुरुंगवास झाला होता. त्याच्या जागी स्पा-फ्राँकोशाँ येथे मायकेल शूमाकर पहिल्यांदाच ग्रां प्रीत उतरला. त्याने पात्रता फेरीत सातवे स्थान घेतले आणि शर्यतीच्या पहिल्याच फेरीत क्लच निकामी होऊन तो थांबला. त्यापुढील शर्यतीत तो बेनेटनकडे गेला. त्याची ही हकीकत सर्वांना पाठ असते. त्याच दिवशी दुसऱ्या जॉर्डनमध्ये बसलेला डी चेझारिस मात्र विसरला जातो. तो वर सरकत सरकत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला होता, पुढे फक्त सेना होता आणि सेनाच्या गिअरबॉक्सने त्रास द्यायला सुरुवात केली होती. ४४ पैकी जेमतेम तीन फेऱ्या उरल्या असताना जॉर्डनचे इंजिन तापून बंद पडले. निकालपत्रात त्याच्यासमोर १३ वे स्थान छापलेले आहे. त्या आकड्यावर विसंबणाऱ्याला या मोटारीचा सर्वांत चांगला दिवस कधीच सापडणार नाही.

हंगेरीत गाशोने शर्यतीतील सर्वांत जलद फेरी नोंदवली आणि तो नववा आला. अशी नोंद आढळली की ती फेरी शर्यतीच्या कोणत्या टप्प्यात झाली हे आधी पाहावे. ती शेवटच्या टप्प्यातली होती, म्हणजे टाकी रिकामी होत आलेली. आनंद मानावा, पण मोटार आघाडीची होती असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

चालकांचा हिशेबही वेगळा मांडावा. डी चेझारिसचे ९ गुण, गाशोचे ४. गाशोनंतर त्या मोटारीत शूमाकर, रॉबर्टो मोरेनो आणि अलेस्सांद्रो झनार्डी आले आणि तिघांनाही गुण मिळाला नाही. जर्मनीत दोघे पाचवे व सहावे आल्यानंतर संघाला एकही गुण मिळालेला नाही. दर काही शर्यतींनी चालक बदलत असेल, तर त्याचा मोटारीच्या जुळवणीवर परिणाम होतोच.

यानंतर एकाच इंजिनाच्या दोन मोटारी शेजारी ठेवाव्यात. बेनेटनकडेही फोर्डचेच व्ही-८ होते, तेही कारखान्याच्या थेट पाठबळासह आणि पुढच्या आवृत्तीचे. त्यांनी ३८.५ गुण मिळवून चौथे स्थान घेतले. पहिल्याच वर्षी भाड्याच्या जागेतून काम करणारा जॉर्डन त्यांच्या लगेच मागे होता.

आता पुन्हा त्या दोन तेरांकडे येऊ. २००९ मध्ये पहिल्या आठ जणांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळत. जॉर्डन १९१ चे निकाल या पद्धतीने मोजले, आणि पावसामुळे लवकर थांबवलेल्या ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीला तेव्हाप्रमाणेच निम्मे गुण धरले, तर बेरीज ३३.५ येते. उलट फोर्स इंडियाच्या व्हीजेएम०२ या २००९ च्या मोटारीचे गुण १९९१ च्या पद्धतीने फक्त ९ होतात. तेही दोनच शर्यतींतले. स्पाला जानकार्लो फिझिकेलाने अग्रस्थानावरून सुरुवात करून दुसरा क्रमांक मिळवला आणि लगेच पुढच्या शर्यतीत मोंझाला एड्रियन सुटिल चौथा आला. या मोटारीत मर्सिडीजचे इंजिन होते, हवेचा अडथळा कमी होता, आणि दोन्ही ठिकाणी लांब सरळ पट्टे आहेत. स्पाला मात्र फेरारीच्या किमी रायकोनेनने ब्रेक लावताना साठवलेल्या ऊर्जेचे बटण वापरून सरळ पट्ट्यावरच फिझिकेलाला मागे टाकले. व्हीजेएम०२ वर ती यंत्रणा नव्हती. मोंझानंतर सिंगापूरच्या अरुंद, वळणदार रस्त्यांवर संघाची पाटी पुन्हा कोरी राहिली. भारताचे नाव घेऊन धावलेल्या त्या मोटारीबद्दल आपल्याला जिव्हाळा वाटणे साहजिक आहे, आणि स्पाचा तो दिवस खरोखर अभिमानाचा होता. तरीही ती विशिष्ट सर्किटांपुरती जलद होती आणि जॉर्डन १९१ जवळजवळ सर्वत्र चालत होती, हे ओळी आखल्यावर मान्य करावे लागते.

शेवटी पुढच्या वर्षाचे पान उलटावे. फोर्डची इंजिने जॉर्डनला पैसे मोजून घ्यावी लागत होती आणि त्यात देणी साठली. म्हणून १९९२ साठी संघाचा मालक एडी जॉर्डन याने यामाहाची व्ही-१२ इंजिने घेतली, जी मोफत मिळत होती. तोच रचनाकार, तेच कारखान्यातले लोक, आणि जॉर्डन १९२ ला वर्षभरात मिळालेला गुण एक. आपल्या कागदावर १९१ च्या खाली ही ओळही लिहून ठेवावी आणि समोर ‘इंजिन’ असे कारण नोंदवावे.