नव्या सॉफ्टवेअरने बिलिंगवाल्याचे रोजचे तीन तास वाचले, आता त्याला काम काय द्यायचं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. ‘जमेल ते किरकोळ काम द्या’ हा सल्ला ऐकू नका. त्याने चांगला माणूस चहा सांगण्यापुरता उरतो.

1. नोकरी आणि पगार जागेवर आहे, हे आधी सांगा. आमच्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मालक, मला काढणार काय?”

2. कोणत्या कामाला किती वेळ जातो, हे आठवडाभर त्याला वहीत लिहायला लावा.

3. वाचलेला वेळ एका जागी आणा. इथेच मी तोंडावर आपटलो. ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं, तेव्हा आम्ही सॉफ्टवेअर बदललं. मालवाहतुकीचं ई-वे बिलही त्यातूनच निघू लागलं. तीन तास वाचले, पण दहा मिनिटं आत्ता, पाव तास मग, असे. मी त्याला जॉबवर्कची, म्हणजे बाहेर कामाला दिलेल्या मालाची, बाकी दिली: मशीन शॉपला कास्टिंग (ओतीव भाग) किती गेलं, परत किती आलं. जीएसटीत हा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात. म्हणजे काम बिनमहत्त्वाचं नव्हतं. पण तो मच्छे गावातल्या मशीन शॉपला पोचतो न पोचतो तोच गेटवरून फोन: कोल्हापूरची गाडी भरून उभी आहे, बिल काढा! महिनाभर हेच चाललं, आणि मी त्यालाच आळशी म्हणत होतो.

गाड्यांच्या वेळा बांधा. आमच्या बारा आणि साडेपाच. डिस्पॅचच्या पोराला गाडी नंबर टाकून बिल छापायला शिकवा, दर बदलायची मुभा मात्र देऊ नका. दोन ते पाच हा त्याचा नव्या कामाचा वेळ, तेव्हा गेटचा फोन मालकाला. पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा आले. वैताग येतो, पण घ्यायचे.

4. कामाबरोबर अधिकार द्या. कन्नड असो की मराठी, दोन्हीकडच्या शॉपमध्ये तो घरच्यासारखा बोलतो, पण नुसत्या गोडीने माल परत येत नाही. बाकी 40 नगांवर गेली की पुढचा लॉट थांबवायचा, हे त्याच्या हातात.

5. पगार तीन महिन्यांत वाढवा. ‘दिवाळीला बघू’ नको.

चौथ्या पायरीची परीक्षा लवकरच होते. त्याने माझ्या मेव्हण्याच्या शॉपचाच लॉट अडवला. मेव्हण्याचा फोन आला, मी म्हटलं, “त्याच्याशीच बोल.”