शहापूर न पाहता केनियाला निघू नका: परदेशी फील्डवर्कमधल्या या चुका टाळा

डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये मास्टर्स करताना प्रबंधासाठी मी केनियात, किसुमूजवळच्या गावांत पाणी समित्यांवर काम केलं. तिथे एका आजींनी मला विचारलं, "तुझ्या घरी पाणी कुठून येतं?" मी ठाण्यात, नौपाड्यात वाढलेली. मला धड सांगता आलं नाही.

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. आपला विषय विमानात बसल्यावर सुरू होतो, असं आपण धरून चालतो. ठाण्याहून शहापूरचं स्टेशन आसनगाव लोकलने जेमतेम तासाभराच्या अंतरावर. तानसा आणि भातसा ही धरणं त्याच शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. परदेशी जाण्याआधी तिथे निदान पंधरा दिवस काढा, प्रश्नावली तिथेच वापरून बघा. कोणता प्रश्न लोकांना टोचतो, कोणता कळतच नाही, हे आपल्या भाषेत लवकर उमगतं.

जाताना महिना बघून जा. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली हे नेमकं मांडलं होतं: बाहेरचा अभ्यासक डांबरी रस्त्यालगतची गावं बघतो, तीही सोयीच्या ऋतूत, आणि भेटतो पुढाऱ्यांना. आपल्याकडे दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिलमध्ये पाड्यावर गेलात, तर ज्यांना भेटायचं त्यांच्याच दारांना कुलपं. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे. युरोपातले विद्यार्थी सुट्टी मिळते म्हणून जून ते ऑगस्टमध्ये जातात आणि पाऊस नुकताच होऊन गेलेला मुलूख बघतात. तारीख बदलता येत नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत पाणी कुठून आणता, हे मुद्दाम विचारा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली म्हणजे झालं, असं नाही. केनियात संशोधनासाठी नाकोस्टी या सरकारी आयोगाचा परवाना लागतो, पर्यटक म्हणून जाऊन मुलाखती घेता येत नाहीत. विषय ठरला त्याच आठवड्यात अर्जाला लागा. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.

आता दुभाषा. इथे माझा अख्खा एक आठवडा वाया गेला. मी स्वाहिली शिकून गेले होते, पण त्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका धोलुओ ही तिथली स्थानिक भाषाच बोलायच्या. बाई पाच मिनिटं बोलायची आणि दुभाषा सांगायचा, "पाण्याचा त्रास आहे म्हणते." असं व्हायला लागलं की मुलाखती थांबवा. दुभाष्याला बसवून समजवा की सारांश नको, वाक्य न् वाक्य हवं. लोकांच्या संमतीने रेकॉर्डिंग करा आणि दोन-तीन मुलाखती दुसऱ्या कुणाकडून भाषांतरित करून ताडून बघा. शक्य असेल तर बायकांशी बोलायला बाई दुभाषी घ्या. मी ते केलं आणि पहिल्याच दिवशी, समितीच्या बैठकीत कधीच न निघालेला विषय निघाला: पाणपट्टी भरूनही पावती मिळत नाही.

उत्तरं फारच गोड यायला लागली तरी सावध व्हा. "समिती नियमित भरते का?" याला सगळे "हो"च म्हणतात. बाहेरून आलेला माणूस काहीतरी योजना आणेल, ही आशा त्यामागे असते. त्याऐवजी विचारा: मागची बैठक कधी झाली? पंप शेवटचा कधी बिघडला? दुरुस्तीचे पैसे कुणी दिले?

आपण भारतीय म्हणून तिथे कोरी पाटी घेऊन जात नाही, हेही आधी वाचून जा. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये किसुमूला पोहोचली, ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. आज तिथे 'म्हिंदी' (भारतीय माणूस) म्हटलं की लोकांना दुकानदार आठवतो. मी विद्यार्थिनी आहे, दुकानाशी माझा संबंध नाही, हे मला प्रत्येक घरी सांगावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी समितीच्या सचिवांनी सांगितलं की आधी येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांनी काय लिहिलं, ते त्यांना कधी बघायलाच मिळालं नाही. मी दोन पानांचा सारांश धोलुओत करून घेऊन पाठवला. भाषांतराचा आणि छपाईचा तो खर्च तुमच्या बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा.