घोड्याच्या चंदीत हरभरा किती घालावा?

लग्नसराई तोंडावर आली की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वरातीच्या घोड्यांबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: "हरभरा वाढवा, दम येईल." मीही बरीच वर्षं वाढवत होतो. घोडी पाणी जास्त प्यायची, सारखी मुतायची आणि सकाळी तबेल्याचं दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. हरभऱ्यातली प्रथिनं शरीरात साठत नाहीत. जास्तीची यूरिया होऊन लघवीतून जातात, त्या यूरियाचा अमोनिया होतो आणि त्याचाच वास दाराशी येतो. पळायची शक्ती येते ती मुख्यतः चाऱ्याच्या तंतूंतून, धान्यातल्या पिष्टातून (स्टार्च) आणि तेलातून. प्रथिनं लागतात झीज भरायला: स्नायू, खूर, केस, दूध.

आधी वजन काढा. लांब कापडी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १७२ आणि लांबी १६० भरली, तर घोडी सुमारे ४०० किलोची. शिंगराला हे सूत्र लावू नका.

मग गरज. काम नसलेल्या मोठ्या घोड्याला वजनाच्या किलोमागे साधारण सव्वा ग्रॅम, हलकं काम असेल तर थोडी जास्त. म्हणजे काम नसलेल्या ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ५०० ग्रॅम प्रथिनं. गाभण घोडीला शेवटच्या महिन्यात ७०० ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि व्यायल्यावर पहिल्या महिन्यात तर सव्वा किलोपर्यंत.

आता गव्हाणीत बघा. सहा किलो बऱ्यापैकी वाळलेल्या गवतातून तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम मिळतात. एक किलो हरभऱ्यातून दोनशे. झाले की पाचशे! दुसऱ्या अख्ख्या किलोची गरज हलक्या कामालाही नाही. हरभऱ्याऐवजी हिरवी लसूणघास दिली तर पाच किलोतून साधारण तेवढीच प्रथिनं मिळतात. (वडोदऱ्यात लसूणघास मागितली तर विकणारा तोंडाकडे बघत राहतो, रजको म्हणायचं.) मात्र वैरणीत नुसता गव्हाचा भुसा असेल तर हिशेब कोलमडतो, कारण त्यात प्रथिनं गवतापेक्षा बरीच कमी.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. प्रथिनांतला लायसिन नावाचा एक आवश्यक घटक असतो, तो कमी पडला तर बाकीची वाया जातात. जव, जई (ओट) आणि गव्हाच्या कोंड्यात तो कमी असतो. हरभरा, रजको आणि सोयाबीनच्या पेंडीत चांगला. म्हणून शिंगराच्या चंदीत थोडी सोयापेंड असावीच. कच्चं सोयाबीन मात्र नको, त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात.

हरभरा भिजवलेलाच द्या आणि त्याच दिवशी संपवा. इथल्या मे महिन्यात सकाळचा भिजवलेला हरभरा संध्याकाळी हाताला बुळबुळीत लागतो. तो तोबऱ्यात घालू नका. चंदीत कुठलाही बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, एकदम केल्यास शूळ उठतो.

स्वस्त पडतं म्हणून गाईम्हशींची दाणपेंड मिसळायचा मोह होतो. त्यात यूरिया असेल तर घोड्याला त्याचा उपयोग नाही. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट त्याला नाही. पण काही दाणपेंडीत मोनेन्सिन हे गुरांसाठीचं औषध मिसळलेलं असतं आणि ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करतं. थोड्याशानेही घोडं दगावतं. चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि पोत्यावरची चिठ्ठी त्यांना दाखवा.