हिशेब न विचारायचे पैसे

पगार झाला की भाडं, हप्ते, किराणा बाजूला काढा. उरलेल्यातून नवरा-बायको दोघांनीही सारखीच रक्कम, अगदी 1,500 रुपये का असेना, स्वतःसाठी घ्यायची आणि तिचा हिशेब एकमेकांना मागायचा नाही. त्याने बॅट घ्यावी, तिने पैठणी. (पैठणीला बरेच महिने साठवावं लागेल, तो भाग वेगळा.) एकच जण कमावत असेल तरीही वाटा सारखाच.

खरी ठिणगी बहुधा वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांवरून पडते: विमा, शाळेची फी, दिवाळी. त्यांची बेरीज 60,000 होत असेल तर दरमहा 5,000 आवर्ती ठेवीत टाका. हे बोलणं रविवारी सकाळी, चहा आणि पासबुक समोर ठेवून करा. रात्री दमल्यावर नको, सासूबाईंसमोर तर नकोच.