आधी उत्तर देईल त्याचं गिऱ्हाईक: या चुका टाळा

गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं असतं आणि नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटर जळते. सेलू-परतूरकडचा शेतकरी अशा वेळी मोटर गाडीवर टाकण्याआधी तालुक्याला फोन लावतो. मिस्त्री दुकानात आहे का, रिवायंडिंग कधी होईल, एवढंच त्याला विचारायचं असतं. पहिल्याने उचलला नाही की तो दुसऱ्याला लावतो. तिथून "आणा भाऊ, उद्या संध्याकाळी घेऊन जा" असं ऐकू आलं की विषय मिटला. पहिल्याचं काम जास्त चांगलं असेल, पैसेही कमी लागले असते, पण ते सांगायला तो फोनवर नव्हता.

अमेरिकेत याचा आकड्यांत अभ्यास झाला आहे. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली तो छापून आला. इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला कोण किती वेळात उत्तर देतं, हे २,२४१ कंपन्यांत तपासलं, तर २३ टक्क्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. त्याच लेखातली दुसरी पाहणी सांगते की तासाभरात संपर्क करणाऱ्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता आणखी तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. २४ तास किंवा त्याहून जास्त थांबणाऱ्यांशी तुलना केली, तर साठपटीहून जास्त. तिथला आकडा इथल्या मोंढ्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण गरज ताजी असते तेव्हाच माणूस बोलायला तयार असतो, हे जालन्यातही तितकंच खरं आहे.

पूर्ण भाव काढेपर्यंत गप्प बसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मन लावून काम करणारी माणसंच जास्त करतात. वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला कंपनीच्या खरेदी विभागाकडून सुट्या भागाचं ड्रॉइंग येतं. मालक विचार करतो: मटेरियलचा आजचा भाव घेऊ, मशीनचे तास काढू, मग एकदाच पक्कं कोटेशन पाठवू. त्यात दोन दिवस जातात. तेच ड्रॉइंग आणखी तीन-चार जणांकडे गेलेलं असतं. खरेदीवाल्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे ज्यांनी हालचाल दाखवली त्यांच्याशीच तो पुढचं बोलतो.

ड्रॉइंग उघडून पाहिल्याबरोबर एवढं लिहा: "सर, ड्रॉइंग मिळालं. मटेरियल ईएन-८ धरायचं ना? कोटेशन उद्या ११ वाजेपर्यंत देतो." (ईएन-८ म्हणजे पोलादाचा एक प्रकार.) भाव अजून सांगितलेला नाही, तरी समोरच्याला तीन गोष्टी कळल्या: निरोप पोहोचला, माणसाला कामातलं कळतं, आणि उत्तर कधी येणार. त्यातली ११ ची वेळ मात्र पाळायचीच. जमणार नसेल तर साडेदहालाच तसं कळवा.

मालक नाही तर उत्तर नाही

मालक साइटवर, लग्नात किंवा तुळजापूरला दर्शनाला. दुकानातला मुलगा म्हणतो, "शेठ आल्यावर फोन करा." तो फोन पुन्हा येत नाही. नेहमी विचारल्या जाणाऱ्या वस्तूंचे दर आणि किती सवलत द्यायची याची मर्यादा त्या मुलाला लिहून द्या. व्हॉट्सअ‍ॅप मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी जोडता येतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडलं की चौकशी मालकाच्या खिशात अडकत नाही.

वेळेचंही तसंच. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. मोटर रात्री बंद पडली तर फोन सकाळी सहा-सातला येतो आणि दुकान उघडतं दहाला. घरून निघण्याआधी पाच मिनिटं मिस्ड कॉल पाहायला काढा. दुसऱ्या नंबरवरून उलट फोन करत असाल तर आधी नाव-दुकान लिहून मेसेज टाका. अनोळखी नंबर आता बरेच जण उचलत नाहीत.

मेसेज आलाच नाही असं वाटत असेल तर

- व्हॉट्सअ‍ॅपवर आर्काइव्ह केलेली चॅट नवा मेसेज आला तरी वर येत नाही. हे सेटिंग बंद करता येतं.
- इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज 'रिक्वेस्ट'मध्ये पडून राहतो. तिथे रोज पाहावं लागतं.
- गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलवरची चॅट ३१ जुलै २०२४ ला बंद झाली. तिथला फोन नंबर चालू आहे का, हे स्वतः लावून पाहा.
- फोनचा बॅटरी सेव्हर कधी कधी मेसेजची सूचना अडवतो.

"लवकरच संपर्क करू"

दहावीच्या निकालानंतर नांदेड, बीड, परभणीचे पालक लातूरला हॉस्टेल आणि मेस शोधतात, तेही बहुधा रात्री, कामं उरकल्यावर. त्यांना असा आपोआप जाणारा मेसेज मिळाला की काहीच कळत नाही. त्याऐवजी फी, जागा एका खोलीत किती, मेस धरून की वेगळी, आणि सकाळी किती वाजता फोन येईल, हे त्यात लिहा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवसांच्या खंडानंतरच जातो. दुकान बंद असतानाचं उत्तर वेगळं लावावं लागतं.

भाव विचारल्यावर "या, बसून बोलू" हेही उत्तर नव्हे. निदान कितीपासून कितीपर्यंत, ते सांगा.

घाईत चुकीचं सांगणं

जूनमध्ये कुणी सोयाबीनच्या वाणाचं नाव घेऊन विचारतं, "एमएयूएस ६१२ हाय का?" न बघताच "आहे, या" म्हटलं, तो एसटीने आला आणि बियाणं संपलेलं. पेरणीच्या दिवसांत त्याचा एक दिवस गेला, भाडं गेलं. असा माणूस पुन्हा येत नाही आणि गावातल्या चार जणांनाही सांगतो. "दहा मिनिटांत गोदामात बघून सांगतो" म्हणा, बघा, आणि पिशव्या त्याच्या नावाने बाजूला काढून ठेवा.

आधीच उशीर झाला असेल तर

आठवड्याभरातले राहून गेलेले मेसेज अजून सोडू नका. लांबलचक माफी नको, सरळ विचारा: "भाऊ, परवाचा मेसेज आज पाहिला. मोटरचं काम झालं का? राहिलं असेल तर आज आणा, उद्या रात्रीपर्यंत देतो." सुरुवात ज्यांनी दोनदा फोन केला होता त्यांच्यापासून करा.