फार्म. डी.चं शेवटचं वर्ष वॉर्डात कसं काढावं

फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष रुग्णालयात काढायचं असतं. त्या सहाव्या वर्षाला आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, आम्ही नेमकं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. एमबीबीएसच्या इंटर्नला रक्त काढायचं असतं, सिस्टरना औषधं द्यायची असतात. तुमच्या अंगावर पांढरा कोट, हातात वही आणि सगळ्यांच्या पायात पायात यायची भीती. मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, म्हणजे वॉर्डातल्या रुग्णांची औषधं तपासते. दरवर्षी नव्या बॅचला जे तोंडी सांगते, ते इथे लिहून ठेवते.

आधी नियम. फार्मसी कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे या वर्षातले सहा महिने जनरल मेडिसिनचे, आणि उरलेले सहा तीन वेगळ्या विभागांत दोन-दोन महिने. बी. फार्म. करून तीन वर्षांच्या फार्म. डी.ला आलेल्यांचं शेवटचं वर्षही रुग्णालयातच जातं. अमेरिकेत फार्म. डी. झाल्यावर वर्षभराची वेगळी रेसिडेन्सी (रुग्णालयातलं पुढचं प्रशिक्षण) असते, आणि कॅन्सर किंवा आयसीयूसारख्या शाखेत जायचं तर तिच्यावर आणखी एक वर्ष. आपल्याकडे बहुतेकांना पुढची ती पायरी मिळत नाही. तेव्हा हेच वर्ष रेसिडेन्सी समजून काढायचं.

तीन विभाग निवडायची मुभा असेल तर बालरोग सोडू नका. तिथे प्रत्येक डोस किलोवर मोजावा लागतो, त्यामुळे गणिताचा हात बसतो. सर्जरीत ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात गेलं का आणि नंतर किती दिवस विनाकारण चालू राहिलं, एवढंच बघितलंत तरी पुष्कळ काम आहे. तिसरा विभाग आवडीचा घ्या. मला विचाराल तर मानसोपचार, कारण लिथियम आणि क्लोझापिनवरचा रुग्ण रक्ततपासण्या का चुकवतो हे तिथेच कळतं.

आता मेडिसिनचे सहा महिने. राउंड नऊला असेल तर तुम्ही साडेसातला वॉर्डात हवं. अख्खा केस पेपर वहीत उतरवत बसू नका. बहुतेक मुलं पहिला महिना त्यातच घालवतात, आणि सुरेख अक्षरातली ती वही पुन्हा कोणी उघडत नाही. वय, वजन, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी; आजचं आणि कालचंही), ट्रीटमेंट शीट, एवढं घ्या आणि थेट रुग्णाजवळ जा.

तिथे पहिली चौकशी पिशवीची. "घरी काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं तर उत्तर हमखास "नाही" येतं. कारण साखरेची गोळी ही लोकांच्या लेखी औषध नसतेच, ती रोजचीच. म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं: "आजी, साखरेची गोळी घेता? बीपीची? रक्त पातळ व्हायची? गुडघ्यासाठी मेडिकलमधून काही आणता? काढा, चूर्ण?" मग नातेवाइकांना सांगायचं की संध्याकाळी डबा आणताना घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी आणा. त्या पिशवीत एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिप्स निघतात, आणि दोन्ही चालू असतात.

एक उदाहरण नीट बघू. समजा भोरकडच्या एक आजी न्यूमोनियाने दाखल आहेत. वय 72, वजन 42 किलो, क्रिएटिनिन 1.4. शीटवर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक 750 मिलिग्रॅम रोज एकदा, घरची ग्लिमेपिराइड (साखरेची गोळी) चालू, शिवाय कॅल्शियमची गोळी. 1.4 बघून कोणी दचकत नाही. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घाला. त्यातून क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते याचा अंदाज, मिळतो. 140 मधून वय वजा केलं की 68, गुणिले 42, भागिले 72 गुणिले 1.4, आणि बाई म्हणून गुणिले 0.85. उत्तर येतं 24 मिली प्रति मिनिट. 20 ते 49 मध्ये 750 चा डोस दर 48 तासांनी द्यायचा असतो, रोज नाही. त्यातून क्रिएटिनिन काल 1.0 होतं आणि आज 1.4 असेल, तर हा 24 सुद्धा फसवा. किडनीचं काम त्याहून कमी चाललेलं असू शकतं. आणि वजन? केस पेपरवरचं वजन पुष्कळदा नजरेने लिहिलेलं असतं. मावशींना सांगून काटा आणवा.

पुढचं शीटवरच्या वेळांत दिसतं. लिव्होफ्लॉक्सासिन रात्री आठला, कॅल्शियमही रात्री आठला. दोन्ही एकत्र पोटात गेली तर अँटिबायोटिक धड शोषलंच जात नाही, म्हणून निदान दोन तासांचं अंतर हवं. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिन आणि ग्लिमेपिराइड जोडीने साखर खाली आणू शकतात, आणि आजी जेमतेम पेज घेताहेत. शुगर चार्ट मागून घ्या.

हे सगळं कळलं तरी सांगायचं कसं, हा खरा अभ्यास. राउंडमध्ये, नातेवाइकांसमोर, "सर, डोस चुकलाय" असं म्हणालात की त्या युनिटमध्ये तुमचं महिनाभर कोणी ऐकणार नाही. राउंडच्या आधी रेसिडेंटला (निवासी डॉक्टरांना) गाठा आणि दोन वाक्यांत सांगा: "मॅडम, बारा नंबरच्या आजींचं क्लिअरन्स 24 येतंय. लिव्हो रोज चालू आहे, एक दिवसाआड करायचं का? आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणावर हलवू का?" म्हणजे अडचण, आकडा आणि तुमचं म्हणणं. पुस्तकातलं पान दाखवायची गरज नाही, पण विचारलंच तर संदर्भ तयार हवा. त्या नाही म्हणाल्या तर कारण विचारा आणि लिहून ठेवा. कधीकधी तुम्हाला न दिसलेलं काही त्यांना दिसलेलं असतं.

इन्चार्ज सिस्टरशी पहिल्या दिवसापासून गोडीत राहा. औषधं देण्याच्या वेळी त्यांच्या ट्रॉलीसोबत फिरा, मध्ये बोलू नका, बघा. फेनिटोइन (फिटचं औषध) डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घातलं जातंय का (ते साका धरतं, नॉर्मल सलाईनच हवं), सेफट्रायक्झोन हे अँटिबायोटिक आणि आरएल (रिंगर लॅक्टेटचं सलाईन) एकाच लाइनने चाललंय का (तिथेही साका धरतो), पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल्स बाकीच्या अँप्युल्समध्ये मिसळून ठेवल्यात का. असं काही दिसलं तर तिथल्या तिथे, पण हळू आवाजात.

डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला समजावणं तुमच्याच वाट्याला येतं. रोटाकॅप (दम्याच्या औषधाची, यंत्रातून श्वासाने ओढायची कॅप्सूल) पाण्यासोबत गिळणारे काका दर महिन्याला भेटतात. म्हणून "समजलं का?" विचारू नका, यंत्र हातात देऊन "करून दाखवा" म्हणा. मेथोट्रेक्सेट (संधिवातासाठी देतात ती गोळी) असेल तर "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर थांबू नका. वार ठरवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरात गोळ्या कोण देतं त्या सुनेला किंवा मुलाला बोलावून सांगा. ही गोळी रोज घेतली तर माणूस जिवाला मुकू शकतो.

औषधाची रिअ‍ॅक्शन वाटली तर फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या) प्रोग्रॅमचा फॉर्म भरा. हा देशव्यापी कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, हेल्पलाइन 1800-180-3024. खात्री लागत नाही, संशय पुरतो. रुग्णाचं नाव नाही, आद्याक्षरंच.

काही ठिकाणी मुलांना काउंटरवर बिलं करायला बसवून ठेवतात. इंडेंट (वॉर्डाकडून औषधांची लेखी मागणी) कसा येतो, 2 ते 8 अंशांच्या फ्रिजची नोंद कशी ठेवतात, हे शिकायला थोडे दिवस काउंटर चांगलाच. पण महिने जायला लागले तर कॉलेजच्या गाइडला लेखी कळवा. तोंडी तक्रारीला कोणी दाद देत नाही.

अमेरिकेचा विचार असेल तर 2003 नंतरच्या पदवीधरांना तिथे फार्मासिस्ट व्हायला लागणाऱ्या परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांची बी. फार्म. चालत नाही, सहा वर्षांची फार्म. डी. चालते.

आणि प्रत्येक विभाग सोडताना त्याच आठवड्यात तारखांसकट सही-शिक्का घ्या. वर्षाअखेरीस एकदम घेऊ म्हणालात, तर एखादे विभागप्रमुख नेमके दिवाळीच्या रजेवर गेलेले असतात.