घड्याळ हरवलं? आधी फोनमधली वेळ बघा

स्मार्टवॉच हरवल्याचं लक्षात आलं की माणूस धावत सुटतो. गाडीची सीट उचलून बघतो, जेवलो त्या हॉटेलात जातो, परत बाजाराची फेरी मारतो. गोव्यात फोंड्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येईपर्यंत माणूस दमलेला असतो, फोन हातात असतो, पण तो नीट उघडून बघितलेला नसतो. म्हणून आधी एका जागी बसा. घाईत तीन गोष्टी मात्र करू नका. फोनचं ब्लूटूथ बंद करू नका, घड्याळाचं ॲप काढून टाकू नका आणि घड्याळ आपल्या खात्यातून 'रिमूव्ह' करू नका. शोधायला लागणारा सगळा माग तिथेच असतो.

आता घड्याळ कोणतं, त्यावर पुढचं ठरतं.

ॲपल वॉच असेल तर आयफोनवर 'फाइंड माय' उघडा, 'डिव्हाइसेस'मध्ये घड्याळ निवडा. जवळपास असेल तर 'प्ले साउंड' दाबा. कोणीतरी घड्याळावरच ते बंद करीपर्यंत आवाज येत राहतो. स्वतःचं सिम असलेलं मॉडेल लांबूनही आपली जागा कळवतं. नुसतं जीपीएसवालं असेल, तर त्याला ओळखीचं वायफाय मिळावं लागतं. आयफोनही सोबत गेला असेल, तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आयक्लाउडच्या संकेतस्थळावरचं 'फाइंड' उघडा. त्यासाठी फोनवर येणारा कोड लागत नाही, पासवर्ड आठवत असला की पुरे. घरात फॅमिली शेअरिंग लावलेलं असेल, तर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवरही तुमचं घड्याळ दिसू शकतं.

सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचसाठी 'सॅमसंग फाइंड', पिक्सेल वॉचसाठी गुगलचं 'फाइंड हब'. याचं नाव 2025 पर्यंत 'फाइंड माय डिव्हाइस' होतं, त्यामुळे जुन्या फोनवर तेच शोधा. पद्धत एकच: नकाशा बघा, आवाज वाजवा, जमलं नाही तर लॉक करा.

पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनगटावर दीड ते चार हजारांचं घड्याळ असतं. नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्ट्रॅक. यांतल्या बहुतेकांत ना सिम असतं, ना स्वतःचं जीपीएस. ॲपमध्ये 'फाइंड वॉच' असं बटण असतं, ते दाबलं की घड्याळ थरथरतं, कॉलिंगवालं असेल तर वाजतंही. मात्र हे सगळं ब्लूटूथच्या टप्प्यात, म्हणजे मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर. आपल्याकडच्या चिऱ्यांच्या जाड भिंती मध्ये आल्या की त्याहून कमी. लोखंडी कपाटात घड्याळ असेल तर शेजारी उभं राहूनही फोनला पत्ता लागेलच असं नाही. अशा घड्याळाची जागा ॲपला सांगता येत नाही. फोन आणि घड्याळ यांची ताटातूट केव्हा झाली, एवढंच ते सांगतं. ते 'केव्हा' हाती आलं की 'कुठे' शोधता येतं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती हीच आहे.

मंगेशीच्या जत्रेतलं एक उदाहरण सांगते. एक काकू जत्रेहून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या. मुलाने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ होतं. "बाय, ह्यात दिसतं म्हणतात ना कुठे आहे ते? बघ गो." मी म्हटलं, "काकू, जागा नाही दिसणार, पण वेळ दिसेल. फोन द्या." ॲपमध्ये हृदयाच्या ठोक्यांचा आलेख उघडला. संध्याकाळी 6:40 पर्यंत दर दहा मिनिटांनी नोंद होती, मग रेघ तुटलेली. घड्याळ फोनशी शेवटचं सिंक झालं होतं ते मात्र 6:55 ला. म्हणजे काय? 6:40 नंतर घड्याळ मनगटावर नव्हतं, पण निदान 6:55 पर्यंत फोनच्या जवळच होतं. खिसेकापूने ओढून नेलं असतं, तर दोन्ही वेळा जवळजवळ एकच आल्या असत्या. इथे घड्याळ काढून कुठेतरी ठेवलेलं होतं.

मग यूपीआयचा हिशेब उघडला. 6:30 ला खाज्याच्या दुकानात पैसे गेले होते. 6:51 ला काकणकाराला. त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांना आठवलं. काकणं भरून घेताना डाव्या हातातलं घड्याळ अडत होतं, म्हणून काढून फळीवर ठेवलं. मग हात भरून झाले, पैसे दिले, आणि त्या पुढे निघाल्या. जत्रेतली दुकानं काही दिवस तरी असतात. त्या संध्याकाळी त्या परत गेल्या, फोनचं ब्लूटूथ आणि ॲप चालू ठेवून. काकणकाराच्या दुकानापासून चार पावलांवर ॲपमध्ये 'कनेक्टेड' आलं. त्यांनी बटण दाबलं आणि काकणांच्या ट्रंकेतून घरघर ऐकू आली. काकणकाराने ते उचलून जपून ठेवलं होतं, कोणाचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

ही पद्धत तुम्हालाही घरी बसून करता येते. ॲपमध्ये ठोक्यांची शेवटची नोंद आणि शेवटचं सिंक बघा. पावलांचा तासवार आलेखही बघा. मग त्या वेळी फोन कुठे होता ते शोधा. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून 'टाइमलाइन' उघडा. आधीपासून चालू असेल तर त्या मिनिटाला तुम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात होता की रायबंदरच्या फेरीबोटीत, ते दिसेल. टाइमलाइन बंद असेल तर यूपीआय, फोनवरचे कॉल, व्हॉट्सॲपचे मेसेज यांच्या वेळा ताडून बघा. आणि फोटो! सोबतच्या सगळ्यांकडून त्या दिवसाचे फोटो मागवा आणि मनगटं बघत चला. पाचच्या फोटोत घड्याळ आहे आणि सव्वापाचच्या नाही, एवढं कळलं की शोधायची जागा शंभर पावलांवर येते. एक सावधगिरी: स्वस्त घड्याळाचा हिरवा दिवा कधीकधी कापडावर किंवा गादीवर टेकलेला असतानाही ठोके दाखवतो. एकाच नोंदीवर भिस्त ठेवू नका, ठोके आणि पावलं दोन्ही जुळवा.

ठिकाण कळलं, पण तिथेही दिसत नाही, असं झालं तर सिग्नलच्या जोरावर शोधता येतं. त्यासाठी 'एनआरएफ कनेक्ट' नावाचं मोफत ॲप आहे, अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही. फोनशी जोडलेलं असताना पुष्कळ घड्याळं 'मी इथे आहे' असा सिग्नल सोडायचं थांबवतात, म्हणून आपल्या फोनचं ब्लूटूथ आता बंद करा आणि दुसऱ्या कोणाच्या फोनवर हे ॲप चालवा. वर मी ब्लूटूथ बंद करू नका म्हटलं ते पहिल्या घाईपुरतं. ही वेळ वेगळी. अँड्रॉइडवर लोकेशनही चालू लागतं. यादीत तुमच्या घड्याळाच्या मॉडेलचं नाव आणि त्यापुढे उणे चिन्हाचा आकडा दिसेल. उणे 90 च्या आसपास म्हणजे जेमतेम टप्प्यात, उणे 60 म्हणजे बहुधा त्याच खोलीत, उणे 40 म्हणजे हात लावाल एवढं जवळ. आकडा सतत उड्या मारतो, म्हणून प्रत्येक जागी आठ-दहा सेकंद थांबा. फोन छातीशी धरा आणि सावकाश स्वतःभोवती फिरा. आपल्या शरीरातलं पाणी सिग्नल अडवतं, त्यामुळे घड्याळ पाठीमागे असलं की आकडा पडतो आणि समोर आलं की चढतो. दिशा अशी कळते. जवळ पोहोचलात की आपल्या फोनचं ब्लूटूथ परत चालू करा आणि 'फाइंड वॉच' दाबा. हे रात्री, पंखे बंद करून केलेलं उत्तम, कारण थरथर लाकडी टेबलावर लांबूनही ऐकू येते. गादीत किंवा कपड्यांच्या ढिगात मात्र कान लावूनही कळत नाही.

घरात हरवलं असेल तर आधी ज्या जागांत हात ओले होतात तिथे बघा. मासे साफ करताना घड्याळ काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं जातं, पीठ मळताना फ्रीजवर. चवथीच्या दिवसांत गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधताना काढलेलं घड्याळ फळांच्या टोपलीतून निघालेलं मी पाहिलंय. फुटबॉलच्या मैदानावर गोलपोस्टमागच्या बॅगांत बघा, बहुतेक वेळा ते मित्राच्या बॅगेत जातं.

पाण्यात पडलं तर फोनचा उपयोग संपतो, हे स्पष्ट सांगते. ब्लूटूथची लहर खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरते. मिरामारला लाटेत गेलं असेल तर ओहोटीची वाट बघा, पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांत ती पूर्ण होते, तेव्हा त्याच पट्ट्यात वाळू बघत चालायचं. 24 जूनच्या सांजांवच्या सणाला विहिरीत उडी मारणाऱ्यांनी घड्याळ आधी काढून घरच्यांकडे द्यावं. खाऱ्या पाण्यातून परत मिळालेलं घड्याळ आधी गोड्या पाण्याने धुवा, मग कोरडं करा.

प्रवासात गेलं असेल तर फोनवरचं तिकीट कामाला येतं. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, तिकिटावरची वेळ घेऊन बसस्टँडवर कंट्रोलरकडे जा. रेल्वेत राहिलं असेल तर 139 वर फोन करा किंवा 'रेल मदद'वर डब्याचा आणि सीटचा क्रमांक देऊन कळवा. गाडी मडगावहून पुढे गेलेली असली तरी पुढच्या स्थानकावर शोधता येतं. दाबोळी विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलं असेल तर तिथली सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या संकेतस्थळावर सापडलेल्या वस्तूंची यादी असते, ती बघा. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटारसायकलवरून आला असाल तर त्याच्या स्टँडवर विचारा. पायलट लोक एकमेकांना ओळखतात आणि निरोप फार लवकर पोहोचतो.

चोरीच झाली आहे अशी खात्री पटली तर क्रम बदलतो. आधी लॉक करा. ॲपल वॉचला 'लॉस्ट मोड' लावा, पडद्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्या. सॅमसंगलाही दूरून लॉक होतं. घड्याळात ई-सिम असेल तर जिओ किंवा एअरटेलला फोन करून फक्त घड्याळाचं सिम बंद करायला सांगा. नंबर फोनचाच असतो, म्हणून 'फक्त घड्याळाचं' हे शब्द ठासून सांगा. खात्यातून घड्याळ काढायचं नाही, हे पुन्हा सांगते, कारण ॲपल वॉचवरचं ॲक्टिव्हेशन लॉक तेवढ्याने सुटतं आणि चोराला तयार माल मिळतो. घड्याळ दूरून पुसलं तरी ते लॉक राहतं, रिमूव्ह केलं तर जातं. काही दिवसांनी "तुमचं घड्याळ सापडलं आहे, इथे दाबा" असा मेसेज किंवा कंपनीच्या नावाने फोन येऊ शकतो. लिंक उघडू नका, ओटीपी, पासवर्ड, पासकोड कोणालाही देऊ नका. लॉक सोडवून घेण्यासाठीचा तो सापळा असतो.

नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्याने त्या दारात जाऊ नका. ठिपक्याभोवतीच्या वर्तुळात बाजारात दहा दुकानं येतात आणि नऊ निर्दोष असतात. स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसू द्या, आणि पोलीस स्थानकात जा. तातडीचं असेल तर 112. चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदतात. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. चोरी म्हापशाला झाली आणि तुम्ही राहता फोंड्यात, तरी फोंड्यातही तक्रार देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआरचा शब्द वापरा. प्रत मोफत मिळते, ती घेऊनच निघा. विमा असेल तर तीच लागते. सोबत बिल आणि अनुक्रमांक द्या. खोका फेकून दिला असेल तर ॲपल वॉचचा अनुक्रमांक आयफोनच्या 'वॉच' ॲपमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' इथे मिळतो. इतर घड्याळांचा बहुधा ॲपच्या 'डिव्हाइस' पानावर असतो.

घड्याळ सध्या हातात आहे ना? मग आजच थोडं काम करून ठेवा. पासकोड लावा. सॅमसंगवर 'ऑफलाइन फाइंडिंग' चालू करा. गुगल टाइमलाइन चालू करा. घड्याळात 'कनेक्शन तुटलं की कळव' अशी सोय असेल तर ती चालू ठेवा. मागच्या बाजूचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. आणि पट्टा ओढून बघा. इथल्या घामाने आणि दमट हवेने पट्ट्याची बारीक स्प्रिंगची पिन गंजते, चुंबकाचा पट्टा तर गर्दीत नुसत्या घासण्याने सुटतो. मुसळधार पावसात रेनकोट काढताना किंवा जत्रेच्या रेटारेटीत जाणारी घड्याळं अशीच जातात. पिन बदलायला कोणत्याही घड्याळवाल्याकडे दोन मिनिटं लागतात. पट्टा बदलणार असाल तर 20 की 22 मिलिमीटर, ते आधी मोजून या.